टीजे रँग्लरखाली एक-टनी ट्रकचे ॲक्सल: पुढे डाना ६०, मागे काय?

खडकमाथा
नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची जीप रँग्लर टीजे. ४.० लिटर इंजिन, ४२आरएलई ऑटोमॅटिक, एनपी२३१ ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा). पुढे डाना ३०, मागे डाना ३५ (डाना ही ॲक्सलची कंपनी, आकडा मॉडेलचा), रेशो ३.७३, म्हणजे ट्रान्स्फर केसकडून येणाऱ्या जॉइंट शाफ्टचे इतके फेरे झाले की चाकाचा एक. टायर ४० इंची टाकायचे आहेत. वापर मुख्यतः ॲरिझोना आणि युटातल्या मोआबच्या खडकांवर, पण तिथपर्यंत गाडी हायवेने स्वतःच्या चाकांवर जाणार, ट्रेलर नाही. जंकयार्डमधून एक-टनी ट्रकचे (एफ-३५० सारख्या जड पिकअपचा वर्ग) पुढचे-मागचे ॲक्सल काढून बसवायचे असं ठरतंय. कुठला पुढचा, कुठला मागचा, रुंदी कापायची की तशीच ठेवायची, आणि मुख्य म्हणजे खर्च नेमका कुठे फुटतो? व्हिडिओ खूप पाहिले, प्रत्येक जण आपलाच जोड खरा म्हणतो.

ग्रीसगन
आधी ताकदीचा हिशोब, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. तुमच्या डाना ३५ चं क्राऊन (ॲक्सलमधलं मोठं दातेदार चाक) साधारण ७.६ इंचाचं, डाना ३० चं सव्वासातच्या आत, दोन्हीकडे शाफ्टला २७ दाते. ४० च्या टायरवर मागचा ३५ आधी जाणार, आणि तो सी-क्लिपवाला (शाफ्टला आतून फक्त सी आकाराची क्लिप धरते) असल्याने शाफ्ट मोडला की चाकासकट बाहेर येतो. डाना ६० चं क्राऊन ९.७५ इंच, आतले शाफ्ट दीड इंच जाडीचे, ३५ दात्यांचे. एक-टनी ट्रकचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग असतो: गाडीचं वजन हब आणि स्पिंडलवर, शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम. शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहतं. खडकांवरून परत यायचं असेल तर हाच मुद्दा क्राऊनच्या इंचांपेक्षा मोठा.

आता पुढचा ॲक्सल निवडताना पहिली चाळणी बाजूची. टीजेमध्ये पुढचा जॉइंट शाफ्ट डावीकडून जातो, म्हणून डिफचा (डिफरन्शियलचा) गोळा डावीकडेच हवा. शेव्हरोलेच्या १९७७ ते १९९१ च्या के३० खालचा डाना ६० कुणी स्वस्तात दाखवला तरी भुलू नका, त्याचा गोळा उजवीकडे आणि पिनियन (क्राऊनला फिरवणारं छोटं दातेदार चाक) खालच्या अंगाला. तुम्हाला फोर्डच पाहिजे: गोळा डावीकडे, पिनियन वरच्या अंगाला, त्यामुळे शाफ्टही खडकापासून वर राहतो. फोर्डमध्ये व्यवहारात तीन पिढ्या सापडतात. १९७८-७९ आणि १९८५ च्या मधल्यापासून १९९१ पर्यंतचा किंगपिनवाला (चाक जाड खिळीवर वळतं), १९९२ ते १९९७ चा बॉलजॉइंटवाला, आणि २००५ नंतरच्या सुपर ड्युटी (फोर्डचे जड पिकअप) खालचा कॉइल स्प्रिंगवाला. १९९९ ते २००४ मध्येही डाना ६० येतो, पण त्या काळातल्या बऱ्याच एफ-२५० खाली डाना ५० असतो. नीट पाहून घ्या.

पावणेदहा
ग्रीसगन यांच्या यादीत एक अट जोडा, नाहीतर लोक अर्धा ट्रक विकत घेऊन बसतात: पुढचा-मागचा ॲक्सल एकाच नट पॅटर्नचा घ्या. १९९७ पर्यंतचे फोर्ड एक-टनी आणि जीएमचे (शेव्हरोलेची मूळ कंपनी) जुने एक-टनी ८ नट, ६.५ इंच वर्तुळ, म्हणजे १६५.१ मिमी. १९९९ पासून सुपर ड्युटी ८ नट, १७० मिमी. फरक पाच मिलिमीटरचाही नाही, डोळ्यांना तर कळतच नाही, पण रिम बसत नाही. आणि बसवायचा प्रयत्नही करू नका, स्टड वाकतात.

त्यामुळे जोड्या दोनच सरळ राहतात:

जुनी जोडी: किंगपिन डाना ६० पुढे, मागे जीएमचा १४-बोल्ट (१०.५ इंची क्राऊन). दोन्ही ८×६.५.

नवी जोडी: २००५+ सुपर ड्युटीचा डाना ६० पुढे, मागे त्याच ट्रकचा स्टर्लिंग १०.५ (फोर्डचा स्वतःचा ॲक्सल). दोन्ही ८×१७०. शक्य असेल तर एकाच ट्रकमधून काढा, म्हणजे रेशोही जुळलेला मिळतो.

माझं मत नव्या जोडीकडे. २००५ नंतरच्या नकलला (ॲक्सलच्या टोकाचा चाकासकट वळणारा भाग) चाक जास्त वळतं, आणि खडकात वळणाचा कोन ही चैन नसून गरज आहे. मागे डिस्क ब्रेक आणि त्यांच्या टोपीतच हँडब्रेकचे शू कंपनीकडूनच येतात. एक अट: २००५ नंतरचे ब्रेक १७ इंचापेक्षा लहान रिममध्ये मावत नाहीत.

ग्रीसगन
वळणाचा कोन मान्य. पण किंगपिनवाल्याचे हब बेअरिंग उघडून साफ करून, ग्रीस भरून परत बसवता येतात, भाग कुठल्याही ट्रकच्या दुकानात मिळतात. सुपर ड्युटीचा युनिट बेअरिंग (हबसकट सीलबंद) आवाज करायला लागला की पूर्ण बदला. लोक एबीएस सेन्सरच्या भोकातून ग्रीस ढकलतात, त्याने आयुष्य वाढतं, पण ती डागडुजीच.

किंगपिन घेतलात तर वरच्या टोपीखालची स्प्रिंग आणि नायलॉनचा बुश आधी नवा टाका. तो बुश झिजलेला असला की पुढची चाकं थरथरतात आणि माणूस ट्रॅक बार (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा), टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा), टायर सगळं बदलत बसतो.

आणि मागे १४-बोल्ट का आवडतो तेही सांगतो. त्याच्या पिनियनला पुढे-मागे दोन बेअरिंग आहेतच, शिवाय आतल्या टोकाला तिसरं. त्यामुळे पिनियन क्राऊनपासून दूर ढकललं जात नाही. पिनियनचा सपोर्ट बाहेरून उघडतो, पिनियनची खोली ठरवणारा शिम (पातळ पत्रा) सपोर्ट आणि हाऊसिंगच्या मध्ये बसतो, आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) बाजूच्या आटेवाल्या नटांनी लावता येतो. कॅरिअर बेअरिंग प्रेसने पंचवीस वेळा काढायची कटकट नाही. घरच्या गॅरेजात पहिल्यांदा क्राऊन-पिनियन लावणाऱ्यासाठी यापेक्षा सोपा ॲक्सल मी तरी पाहिलेला नाही.

पावणेदहा
सोपा आहे, पण पोट किती खाली लोंबतं ते बोला की! खालचं ओठ कापून इंच-दीड इंच मिळवता येतं, त्यासाठी क्राऊनची कडही घासावी लागते. शिवाय मूळचे ड्रम उचलताना कंबर धरते. डिस्क लावायचे तर ब्रॅकेट, रोटर, कॅलिपर वेगळे, आणि मग हँडब्रेक गायब. सत्तरच्या दशकातल्या कॅडिलॅक एल्डोराडोचे हँडब्रेकवाले कॅलिपर लोक लावतात, पण त्यांचं ॲडजस्टमेंट म्हणजे रोजचं दुखणं. ट्रान्स्फर केसवरचा हँडब्रेक हा त्यावर धड उपाय. हे सगळं धरलं तर स्वस्त १४-बोल्ट तितका स्वस्त राहत नाही.

टॅकवेल्ड
दोघांचंही बरोबर आहे. माल हाताशी काय मिळतो त्यावर ठरवा. जंकयार्डात जाताना काय बघायचं ते लिहितो, कारण पैसे तिथेच वाचतात किंवा बुडतात.

डिफचं कव्हर उघडू द्यायला नकार दिला तर पुढच्या दुकानात जा. तेल दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय, बेअरिंगवर गंजाचे डाग शोधा. मॅग्नेटवर राखाडी पीठ चालतं, चकचकीत तुकडे चालत नाहीत. रेशो पाटीवर विश्वास ठेवून घेऊ नका, कव्हर उघडलंच आहे तर क्राऊनच्या कडेला कोरलेले दात्यांचे आकडे वाचा: ४१-१० म्हणजे ४.१०, ४१-९ म्हणजे ४.५६, ३९-८ म्हणजे ४.८८, ४१-८ म्हणजे ५.१३, ४३-८ म्हणजे ५.३८. डानाच्या नळीवर बिल ऑफ मटेरियलचा नंबर ठोकलेला असतो, तो साफ करून फोटो काढा, पुढे भाग मागवताना लागतो.

नळी वाकली आहे का ते बघायला दोन्ही शाफ्ट काढून आरपार टॉर्च मारा, ढोबळ अंदाज येतो. खरी तपासणी घरी: कॅरिअरच्या (क्राऊन धरणाऱ्या भागाच्या) जागी पक, म्हणजे मधोमध भोकाच्या चकत्या बसवून त्यातून सरळ घासलेली बार घाला. बर्फाळ राज्यातला ॲक्सल असेल तर नळी आणि गोळा जिथे मिळतात तिथला गंज, आणि ब्लीडरचे स्क्रू. ब्लीडर तुटला की कॅलिपर गेला समजा.

सौदा करताना हे सगळं त्यातच मागून घ्या: कॅलिपर, ब्रॅकेट, टाय रॉड, हब, पिनियनचा योक किंवा फ्लँज. सुटं घ्यायला गेलात तर ॲक्सलइतकीच रक्कम होते. व्हॅक्यूमवर चालणारे ऑटो हब असतील तर ते काढून हाताने लॉक होणारे हब लावायचेच आहेत, त्यासाठी भाव पाडून घ्या.

खडकमाथा
सुपर ड्युटीची जोडी २० मैलांवर सापडली, २००६ चा एफ-३५०, दोन्हीकडे ४.३०. तेल स्वच्छ, नळीला मार नाही. आता रुंदी आणि ब्रॅकेटचं बोला. आणि ४.३० ठेवू का?

टॅकवेल्ड
रुंदी: टीजेचा ॲक्सल चाकाच्या बसण्याच्या फेसपासून फेसपर्यंत साधारण ६०.५ इंच. सुपर ड्युटीचा ६८-६९ च्या आसपास. म्हणजे दर बाजूला चार इंच बाहेर. पुढची लांब बाजू कापून आत आणता येते, पण मग शाफ्ट ऑर्डरने बनवून घ्यावे लागतात, आणि वाटेत मोडला तर जंकयार्डचा स्पेअर चालत नाही. कापायचा खर्च रिमवर घाला: जास्त बॅकस्पेसिंगचा (रिमची आतली कड ते बसण्याचा फेस हे अंतर) रिम चाक आत ओढतो. मर्यादा कॅलिपर आणि टाय रॉडच्या टोकाची, त्यामुळे रिम मागवण्याआधी एक चाक बसवून पूर्ण वळवून बघा. मडगार्ड रुंद करावं लागेलच. बऱ्याच राज्यांत टायर झाकलेला असणं सक्तीचं आहे, तुमच्याकडचा नियम पाहून घ्या.

ब्रॅकेट: २००५+ च्या पुढच्या ॲक्सलला डावीकडचं रेडियस आर्मचं ब्रॅकेट गोळ्याच्या ओतकामातच आहे. ते सुटत नाही, ग्राइंडर आणि कटिंग चक्तीनेच काढायचं. अर्धा दिवस धरा, चष्मा-मास्क न घालता हात लावू नका. मग वरून ट्रस, म्हणजे डावी नळी, गोळा आणि उजवी नळी यांना जोडणारी पेटी. त्यावर वरच्या लिंकचं (फ्रेम आणि ॲक्सल जोडणारा दांडा) ब्रॅकेट.

इथे जास्तीत जास्त ॲक्सल वाकतात, म्हणून सविस्तर. नळी गोळ्यात प्रेसने बसवून भोकातून वेल्ड केलेली असते. जोरात आपटली की ती गोळ्यात फिरू शकते, म्हणून नळी-गोळा जोडाला गोलाकार वेल्ड मारायचा. पण गोळा ओतीव लोखंडाचा. थंड गोळ्यावर साध्या तारेने वेल्ड मारला तर दिसायला सुरेख, आणि गार होताना कडेने ‘टिण्’ असा आवाज येऊन केसाएवढी चीर पडते. गोळा २०० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवा, निकेलचा रॉड वापरा, इंच-इंच वेल्ड करून लगेच हातोडीने ठोका, शेवटी वेल्डिंगच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा. बेअरिंग, सील सगळं आधी बाहेर. बेअरिंगच्या टोप्या मात्र टॉर्कने बसवलेल्या असू द्या.

ट्रसचा नळीवरचा वेल्ड सलग मारायचा नाही. ५० मिमी इथे, ५० मिमी विरुद्ध टोकाला, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग पुढचा. सगळा वेल्ड नळीच्या वरच्याच बाजूला येतो, तो आकसला की नळीची टोकं वर उचलली जातात आणि चाकं वरच्या बाजूने आत झुकतात. पक आणि बार आतच ठेवून काम करा, बार हाताने फिरायची थांबली की तुम्ही थांबा. अर्थ क्लँप वेल्डच्या जवळ, हबवर कधीच नाही. करंट बेअरिंगमधून गेला की रोलरवर खड्डे पडतात.

अर्धाइंची
वेल्डच्या आधीची पायरी राहिली: कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) आणि पिनियनचा कोन. पुढच्या ॲक्सलला हे दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. हाऊसिंग मागे फिरवून कॅस्टर वाढवला की पिनियन खाली बघायला लागतं. टीजेचा व्हीलबेस ९३.४ इंच, शाफ्ट आखूड, गाडी उंच केलेली. पिनियन ट्रान्स्फर केसकडे वर बघायला हवं. पिनियन नीट लावलं तर कॅस्टर दोन-तीन अंशांवर येतो आणि गाडी हायवेवर सरळ राहत नाही. तुम्ही स्वतः चालवत नेणार आहात, तुम्हाला ५ ते ७ अंश हवेत.

उपाय एकच: नळीच्या टोकाचे इनर सी (नकल धरणारे सी आकाराचे भाग) फिरवणे. नळी आणि सी वर पंचने खूण करा, वेल्ड घासून काढा, सी नळीवर घट्ट बसलेला असतो, जड हातोडीने हवे तितके अंश फिरवा. दोन्हीकडे सारखाच कोन आला पाहिजे. डिजिटल कोनमापक सी च्या घासलेल्या फेसवर ठेवून मोजा, ओबडधोबड ओतकामावर नको.

हा कोन गाडी पूर्ण वजनासह, ठरलेल्या उंचीवर उभी असताना ठरतो. इंजिन, बंपर, विंच, स्पेअर सगळं लावून. तोवर एकही ब्रॅकेट टाक्यापलीकडे जाऊ देऊ नका. आणि मागे डबल कार्डन शाफ्ट (एका टोकाला दुहेरी क्रॉसचा) असेल तर मागचं पिनियन ट्रान्स्फर केसच्या रोखाने, फक्त एखाददुसरा अंश खाली, कारण जोर पडला की ते वर उचललं जातं.

एनपी२३१ ला मागे स्लिप योक (शाफ्टला आत-बाहेर सरकू देणारा जोड) आहे, त्याचं किट टाकून फिक्स योक करा, नाहीतर इतक्या आखूड शाफ्टला कोन झेपत नाही. ट्रान्स्फर केसकडे १३१० मापाचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट), ॲक्सलकडे मोठा. अडचण शाफ्ट बनवणाऱ्याला सांगा, कन्व्हर्जन क्रॉसने (दोन बाजूंना दोन मापांचा) काम चालतं. पण शाफ्टमध्ये लहान क्रॉस मुद्दाम ठेवणारेही आहेत: रस्त्यात बदलायला सर्वांत सोपा भाग तोच, तो आधी तुटला तर बरं.

पावणेदहा
रेशो: ३.७३ वर मूळ ३१ च्या टायरची चाल ४० वर हवी तर ३.७३ × ४० ÷ ३१ = ४.८१. म्हणजे ४.३० कमी पडणार. वजन आणि वारा धरून ५.१३ किंवा ५.३८ घ्या. ताशी ६५ मैलांना ५.३८ वर: ६५ × ५.३८ × ३३६ ÷ ४० (३३६ हा एककं जुळवायचा आकडा) म्हणजे सुमारे २९४० आरपीएम, ४२आरएलईच्या ०.६९ च्या ओव्हरड्राइव्हमध्ये २०३० च्या आसपास. ४.० ला हे अजिबात जड नाही. मी ५.३८ घेईन.

डाना ६० मध्ये कॅरिअर बदलतो: ४.१० पर्यंत एक, ४.५६ पासून वर दुसरा. तुमच्या ४.३० च्या कॅरिअरला धरून बसू नका, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) घेणारच असाल तर नव्या रेशोचाच घ्या. पुढच्या हाय-पिनियनला उलट्या कापाचे दाते लागतात, मागवताना ‘रिव्हर्स कट’ असं स्पष्ट लिहा. बॅकलॅश ०.००६ ते ०.०१० इंच, दातावरचा रंगाचा ठसा मधोमध, आणि पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला दाब) सेटसोबतच्या कागदावरचा. पहिली फेरी १५-२० मिनिटांची, मग पूर्ण गार. ५०० मैलांनी तेल बदला, कव्हर उघडून मॅग्नेट बघा.

ग्रीसगन
स्टीअरिंगचं कुणी बोललं नाही, आणि पैसा तिथेच जातो.

टीजेचं मूळ स्टीअरिंग उलट्या Y आकाराचं, ४० च्या टायरला ते वाकतं. टाय रॉड स्वतंत्र, नकल ते नकल. ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून (स्टीअरिंग बॉक्सचा हात) उजव्या नकलला. दोन्ही दीड इंच बाहेरून, पाव इंच जाडीच्या डीओएम (अचूक मापात ओढलेल्या) नळीचे. जीएम एक-टनी टाय रॉडची टोकं हायवेवर हाइम जॉइंटपेक्षा (उघडा गोळीचा सांधा) जास्त टिकतात. ट्रॅक बार ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्य तितका त्याच्याच लांबीचा, नाहीतर खड्ड्यात पुढचं टोक खाली-वर झालं की स्टीअरिंग आपोआप वळतं.

मग स्टीअरिंगचा बॉक्स. टीजेची फ्रेम बॉक्सच्या बोल्टांपाशी चिरते, म्हणून आधी आतून-बाहेरून पट्टी आणि फ्रेमच्या आत बोल्टांसाठी स्लीव्ह. हायड्रॉलिक असिस्ट घ्या, ८ इंच स्ट्रोकचा सिलिंडर टाय रॉडला. नकलचे स्टॉप सिलिंडर आणि बॉक्स दोन्हींच्या आधी लागले पाहिजेत. सिलिंडर तळाला आपटून थांबत असेल तर ब्रॅकेट फाटणार.

ब्रेक: सुपर ड्युटीचे दोन पिस्टनचे कॅलिपर जास्त तेल मागतात. टीजेचा मास्टर सिलिंडर लावला की पेडल जमिनीला. मोठ्या बोअरचा मास्टर लावला की पेडल उंच पण दगडासारखं, पाय दुखतो. हायड्रोबूस्ट (व्हॅक्यूमऐवजी तेलाच्या दाबाने ब्रेकला जोर देणारा) त्यावर उत्तम, पण तोही स्टीअरिंगच्याच पंपावर चालतो, म्हणून पंप आणि कूलर मोठा. मागच्यासाठी ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा), आणि पहिली चाचणी रिकाम्या मैदानात: मागची चाकं आधी लॉक होता कामा नयेत.

नाशिकचा_गडी
वाचतोय. आमच्याकडच्या जुन्या जीपला हे करता येईल का? टाटा ४०७ चे ॲक्सल ढिगाने मिळतात.

अर्धाइंची
मागचा एखाद वेळेस बसवाल, पुढचा नाही. आपल्याकडच्या हलक्या ट्रकांचा पुढचा ॲक्सल सहसा सरळ बीम, त्यात डिफच नसतो. अमेरिकेत एक-टनी ४×४ पिकअप ढिगाने विकले गेले म्हणून त्यांच्याकडे वळणारा आणि फिरणारा असा दोन्ही कामांचा ॲक्सल भंगारात मिळतो. आणि कायदा: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. रस्त्यावर न येणाऱ्या स्पर्धेच्या गाडीची गोष्ट वेगळी.

टॅकवेल्ड
खडकमाथा, लिंकचं राहिलं. पुढे तीन लिंक आणि ट्रॅक बार. डावीकडे गोळा, शाफ्ट, एक्झॉस्ट यांची गर्दी, म्हणून वरची लिंक बरेच जण उजवीकडे घेतात. मागे चार लिंक, वरच्या दोन तिरक्या, ट्रॅक बार नको. स्प्रिंग बसवण्याआधी ॲक्सल जॅकने पूर्ण वर न्या, मग एका बाजूने तिरका. डाना ६० चा गोळा मोठा, तो ऑइल पॅनला आणि डाव्या फ्रेमला कुठे लागतो ते तेव्हाच दिसतं. तिथून किमान अर्धा इंच सोडून बंपस्टॉप (ॲक्सलची वरची चाल थांबवणारा ठोकळा). ब्रेकचे होज पूर्ण खाली लोंबलेल्या आणि पूर्ण वळलेल्या चाकाला मोजून घ्या, दोन्ही एकाच वेळी.

खडकमाथा
जोडी घेतली. ५.३८ दोन्हीकडे, रुंदी तशीच, सी फिरवायचे. शेवटचा प्रश्न, स्पीडोमीटरचं काय? कॉम्प्युटरमध्ये बदलावं लागेल?

पावणेदहा
टीजेला नाही. ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूला स्पीडोचं प्लॅस्टिकचं दातेदार चाक आहे, तेच बदलायचं. आधी ३.७३ भागिले ३१ म्हणजे ०.१२०३, आता ५.३८ भागिले ४० म्हणजे ०.१३४५. सुमारे पावणेबारा टक्के जास्त दाते. सध्या ३२ चं असेल तर ३६ चं घ्या, पण आधी काढून मोजा. ज्या हाऊसिंगमध्ये ते बसतं त्यावर दात्यांचे गट कोरलेले असतात आणि गटानुसार ते फिरवून बसवावं लागतं. ३२ आणि ३६ दोन्ही ३२-३८ च्या गटात येतात, त्यामुळे काढण्याआधी खूण करा आणि त्याच कोनात परत बसवा. ओ-रिंग मात्र नवी टाका, जुनी हमखास गळते.